जिरं संपलं

सुले, उंडे उकडतात, तळत नाहीत. हे तुला पक्कं ठाऊक होतं. वेळा अमावास्येच्या, आपल्या येळवशीच्या, आदल्या संध्याकाळी बाजरीचं पीठ मळून उंडे वळायला तूच बसायचीस. तरी मी फोनवर म्हटलं की नांदेडला जाऊन येळवस विसरलीस, उंडे तळायला लागलीस, तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, "हाव अक्का, चुकलं. शहरात ऱ्हाऊन डोकं कामातून गेलं." तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तू जन्मात कधी चूक कबूल केली नव्हतीस.

मंडळातल्या बायका म्हणाल्या, सुलोचनाबाईंवर काहीतरी लिहा, तुम्ही थोरल्या जाऊ, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं. मी हो म्हटलं. मी चौथी पास, तू सातवी. लिहिणं तुझं काम होतं. माहेर कोणतं, लेकरं किती, हे तुझ्या लेकानं, बसवानं, दिवसांच्या पत्रिकेत छापलंय, ते मी पुन्हा लिहीत नाही. आणि हेही आधीच सांगून ठेवते की मला तुझा राग आलेला आहे. गेलीस म्हणून नाही. तो राग वेगळा, तो बसवावर आहे, डॉक्टरवर आहे. माझा राग त्या हिमायतनगरच्या रेणुकेपायी आहे.

मालिकेपासून सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही. आपली साडेसातची मालिका. झुंबरांचं घर, दोन जावा. थोरली सरोजिनी, धाकटी मृदुला, आणि त्यांच्यावर सासू, जिला सगळे बाईसाहेब म्हणायचे. तू नांदेडजवळ विष्णुपुरीला लेकाच्या कॉलेजातल्या क्वार्टरमध्ये बसून बघायचीस, मी इथं चाकूरला. मालिका संपली की फोन. मी म्हणायचे, मृदुला गोड बोलून सगळं स्वतःकडे ओढून घेते. तू म्हणायचीस, सरोजिनी जळकी आहे, धाकटीचं कौतुक तिला बघवत नाही. त्यांच्या कर्णफुलांच्या भांडणावरून आपणच किती भांडलो. "थोरलीनं एकदा विचारायचं होतं," असं तुझं. धाकटीनं न विचारता सांगायचं होतं, असं माझं. आपण त्या दोघींबद्दल बोलत नव्हतो, हे तुलाही कळत होतं. ते भांडण तसंच राहिलं. चूक धाकटीचीच होती. आता तू काही बोलू शकत नाहीस, म्हणून पुन्हा एकदा म्हणून घेते.

पुढं मालिका अचानक बंद केली. शेवटच्या दिवशी कुणाचं तरी लग्न लावलं, दोघी जावा गळ्यात पडल्या, झालं. तुमच्या कॉलनीतल्या बायकांना ते पटलं नाही. त्यांनी फोनवर साडेसात मंडळ काढलं आणि पुढची गोष्ट आपापली लिहायला लागल्या. तू मला त्यात ओढलंस. मग कुणाच्या तरी कॉलेजातल्या मुलीनं सांगितलं की लोक असं करतात, सणाला एकमेकांना अशा गोष्टी लिहून भेट देतात. तू म्हणालीस, मग आपण येळवशीला करू. चिठ्ठ्या टाकायच्या. जिचं नाव येईल तिला काय वाचायचंय ते बघून तिच्यासाठी गोष्ट लिहायची, आणि येळवशीला पाठवायची. लिहिणारीनं नाव लपवायचं, ते संक्रांतीला तिळगुळाबरोबर सांगायचं. आणि जिला गोष्ट मिळाली तिनं पोच द्यायची, काय काय आवडलं ते नीट सांगून. नुसता अंगठा पाठवलेला चालणार नाही, हा नियम तुझाच.

मी मागितलं होतं की त्या दोघींना एकदा शेतात बसून पोटभर जेवताना दाखवा. इतकी वर्षं त्या सगळ्यांना वाढत राहिल्या. त्यांच्या तोंडात घास गेलेला मी एकदाही पाहिला नव्हता.

येळवशीला आम्ही सगळे शेतात गेलो. कडब्याच्या झोपडीत, कोपीत, पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली, आंबील शिंपडत शेताला फेरी झाली, जेवणं झाली. तू नव्हतीस. सकाळपासून घरच्यांनी इतक्या वेळा 'सुलोचना असती तर' म्हटलं की मी वैतागून फोन घेऊन कोपीत जाऊन बसले. गोष्ट येऊन पडली होती.

त्यात सरोजिनी आणि मृदुला मोटारीतून बांधावर उतरतात. ड्रायव्हर आंबिलीची बिंदगी, ते मडकं गं, हातात धरून चालायला लागतो. सरोजिनी म्हणते, बिंदगी डोक्यावरून जाते, हातातून नाही. आणि रेशमी पदराची चुंबळ करून स्वतः डोक्यावर घेते. ढेकळात तिचा पाय वाकडा पडतो. आंबील कपाळावरून नाकावर ओघळते. मृदुला पुसायला जाते आणि पुसायच्या आधी बोट चाटून म्हणते, मीठ कमी आहे. मी कोपीत एकटीच इतकी हसले की माझा शिवा वाकून बघून गेला, आईला काय झालं म्हणून.

पुढं जेवण होतं. लिहिणारीनं त्यांना घाई केली नव्हती. दोघी मांडी घालून बसल्या. भज्जीची भाजी दोनदा घेतली, भाकरी कुस्करली, शेंगदाणा दाताखाली आला की थांबायच्या. मृदुलेनं ढेकर दिला आणि सरोजिनीनं तिच्याहून मोठा दिला. मी नुकती पोटभर जेवून उठले होते, पण वाचता वाचता पुन्हा भूक लागली. उंडे तळलेले होते तेवढं खटकलं. मग बाईसाहेब कोपीच्या मागं येऊन उभ्या राहतात. कडब्याखालून मृदुलेला त्यांचे पाय दिसतात. ती म्हणते, "ताई, जिरं संपलं." आणि सरोजिनी लगेच पडद्यांच्या कापडाबद्दल बोलायला लागते.

तिथं मी फोन मांडीवर ठेवला आणि जरा वेळ समोरच्या तुरीकडं बघत बसले.

आपल्या सासूबाई दारामागं उभ्या राहून ऐकायच्या. तू नवी होतीस. मी चुलीपाशी त्यांच्या चालण्याची नक्कल करत होते, पाठ दाराकडं. तुला दाराच्या फटीत त्यांचे पाय दिसले आणि तू साध्या आवाजात म्हणालीस, "अक्का, जिरं संपलं." डबा माझ्या पुढ्यात भरलेला होता. मी डब्याकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "म्हैस पान्हवली का?" तू म्हणालीस, "हाव, पान्हवली." सासूबाई आत आल्या तेव्हा आपण म्हशीबद्दल बोलत होतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी जिरं मागवलं. पुढं दर वेळी मागवत गेल्या. घरात डब्या-डब्यांतून जिरं झालं. पाहुण्यांना सांगायच्या, आमच्या सुना जिरं कशाशी खातात देव जाणे. त्या गेल्या तरी त्यांना कळलं नाही.

नंतर म्हैस विकली, वाटण्या झाल्या, तू नांदेडला गेलीस. पण फोनवर कुणी जवळ आलं की जिरं संपायचं आणि दुसरीनं म्हशीचं विचारायचं. आपल्या नवऱ्यांनाही हे ठाऊक नव्हतं. हे जगात दोघींना माहीत होतं. म्हणून गोष्ट तूच लिहिली होतीस, यात मला तिळभर शंका उरली नाही.

मी तिथूनच फोन केला. ओळखलं म्हटलं. तू म्हणालीस, "नियम म्हंजे नियम. संक्रांतीपस्तोर गप बसा." मग मी उंड्यांवरून बोलले आणि तू हसलीस. तू नाही म्हणाली नव्हतीस, सुले. हो सुद्धा म्हणाली नव्हतीस, हे मला आता आठवतं.

येळवस झाली आणि संक्रांत यायच्या आधीच तू गेलीस.

तुझ्या दिवसकार्याला, गणाराधनेला, मी विष्णुपुरीला आले. तुझ्या फोटोपाशी एक काटकुळी बाई बसून रडत होती, उचक्या देऊन. मी तोवर रडले नव्हते. मला रडायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. पण ती इतकी रडली की बायका तिला पाणी पाजायला लागल्या, आणि मी थोरली जाऊ खांबाला टेकून कोरडीच. बसवाला विचारलं, ही कोण. तो म्हणाला, मंडळातली आहे, हिमायतनगरला शिवणकाम करते, आईचा लई जीव होता तिच्यावर. मला ते आवडलं नाही. माझ्या वाटणीचं रडून ती बाई संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.

तेव्हापासून मी रोज ती गोष्ट वाचत होते. फोटोला हार घालणं बसवाचं, गोष्ट वाचणं माझं. मृदुलेनं बोट चाटलं की तू चाटलंस. ढेकर तुझा. मीठ कमी म्हणणारी तू. मला वाटायचं, बाकीच्यांकडं फोटो आहे, माझ्याकडं सुलोचना बोलती आहे. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते.

यंदा आपल्या घरात संक्रांत नव्हती. दुपारी फोन वाजला. लिहिलं होतं, "मावशी, तुमच्या घरी दुःख आहे, म्हणून तिळगूळ म्हणत नाही. पण नियमाप्रमाणं नाव सांगते. तुमची गोष्ट मी लिहिली होती. रेणुका, हिमायतनगर."

माणूस जेवायला बसलेलं असावं आणि खालून पाट ओढून घ्यावा, तसं झालं. मी तिला एवढंच लिहिलं, जिरं कुणी सांगितलं?

तिनं बोलून पाठवलं, लांबलचक. तिला माझी चिठ्ठी निघाली होती. त्यांच्याकडं येळवस करत नाहीत, कोप कशी असते ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं मंडळात विचारलं की या चाकूरच्या मावशींना कोण ओळखतं. तू तिला फोन केलास. आधी तू म्हणालीस, चिठ्ठी बदलून घेऊ, अक्काची मला दे. ती तयार होती. मग तूच मागं फिरलीस. "अक्का गोष्ट वाचायच्या आधी चुका वाचती. तू लिही, मी सांगते." आणि मशीनवर पडल्या पडल्या तू तिला सांगत राहिलीस, आठवड्यातून तीनदा, डायलिसिस चालू असेपर्यंत.

आता माझं ऐक. मला तू काय सांगितलं होतंस? मशीनवर असताना फोन करू नका अक्का, मला झोप लागती. मी इथं घड्याळाकडं बघत बसायचे, आता सुटली असेल, आता घरी पोचली असेल. जेवायची सुद्धा नाही. आणि तू तिकडं जागी. दुसऱ्या कुणाशी बोलत राहिलीस. माझ्याबद्दल बोलत होतीस म्हणून काय झालं? माझ्याशी बोलत नव्हतीस.

हे मी तिला विचारलं. तिनं सांगितलं, मावशी म्हणायच्या, मशीनचा आवाज अक्काच्या कानावर पडायला नको, ती भिती. मी भिते? बैल अंगावर आला होता तेव्हा कासरा कुणी धरला होता? आणि 'ती'? जन्मभर तोंडावर मला 'तुमी' म्हणालीस. एकटी असताना सुद्धा कधी तोंडातून 'तू' निसटलं नाही. मी वाट बघत होते की एखादवेळी निसटेल. माझ्या पाठीमागं मात्र तू मला 'ती' म्हणत होतीस, आणि ते ऐकायला मिळालं हिमायतनगरच्या शिंपिणीला.

मग मी गोष्ट नव्यानं वाचायला घेतली, निवडायला. कुठलं वाक्य तुझं, कुठलं तिचं. उंडे तिचे. पदराची चुंबळ तुझी. ढेकर कुणाचा, कळत नाही. बोट चाटलेलं तुझंच वाटतं, पण तिनं वरून घातलं असेल तर? भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, सगळं एकदा शिजलं की नंतर पानात बसून निवडत बसलेल्या माणसाला लोक हसतात. मी तेच करत होते. आणि एवढा जळफळाट होत असताना पुन्हा त्या नाकावरून ओघळणाऱ्या आंबिलीपाशी आले आणि हसू आलं. गोष्ट चांगली आहे. तिला हात आहे. हे लिहिताना पोटात दुखतं, पण खोटं कशाला लिहू.

तुझी गोष्ट लातूरच्या एका बाईंना गेली होती, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडून मागवून घेतली. वाचताना एकेका शब्दावर पहारा ठेवला. म्हटलं, तिथं आपलं काय काय देऊन बसली आहे बघू. काही नव्हतं. सरोजिनी आणि मृदुला महाबळेश्वरला जातात, थंडी वाजते, शाल घेतात. शेवट घाईत केला आहेस. पण आपल्या घरातली एक चमची सुद्धा त्यात नव्हती. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

शेवटच्या फोनचं सांगायचं राहिलं. तू बरी वाटत होतीस. सुनेनं वरणात चिंच जास्त घातली, अशी तक्रार करत होतीस. मधेच थांबलीस आणि म्हणालीस, "अक्का, जिरं संपलं." मी विचारलं, म्हैस पान्हवली का. तू म्हणालीस, "हाव, पान्हवली," आणि फोन ठेवलास. मला वाटलं, सून आली असेल. गणाराधनेला मी तिच्यापाशी बोलले, तर ती म्हणाली, मी त्या वेळी माहेरी होते. बसवा कॉलेजात. घरात कुणी नव्हतं. मग कोण आलं होतं गं? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तुला बोलायचा कंटाळा आला असेल, दुसरं काय. पण कंटाळा आला असता तर तू सरळ ठेवते म्हणाली असतीस.

खरं तर जायचा नंबर आधी माझा होता. मी थोरली. वाढताना, सण काढताना, साडी निवडताना थोरलीचा मान आधी, हे तू सगळीकडं पाळलंस. इथंच तेवढी पुढं घुसलीस.

रेणुकेला मी पोच दिली नव्हती. मंडळात बाकी सगळ्यांच्या पोचा गेल्या. लातूरच्या बाईंनी तुझ्यासाठी सुद्धा लिहिली, तू वाचणार नाहीस तरी. माझीच राहिली. रेणुकेनं आठवण केली नाही. काल तिनं फोन केला. तुमच्या फोनमधे मावशींचा एखादा फोटो असेल तर द्याल का म्हणाली, साध्या कपड्यांतला, पत्रिकेतला नको. मी मनात म्हटलं, आता फोटो पण हवा. आज हिला विचारूनच टाकते. आणि विचारायला लागले, सुलोचनानं तुला माझ्याबद्दल अजून काय काय सांगितलंय, एकेक सांग, आणि तुझ्या घरच्यांपैकी कुणाकुणाला तू ते...

एवढ्यात शिवा चप्पल काढून आत आला. मी रागात होते, विचार केला नव्हता. तोंडातून आपोआप निघालं, "जिरं संपलं."

पलीकडं शिलाई मशीनची टकटक ऐकू येत होती, ती थांबली. मग रेणुका अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हाव मावशी. यंदा तुरी कशा हायेत तुमच्याकडं?"

मी तुरीबद्दल बोलले. शेंगा भरल्यात म्हणाले, खालच्या पट्ट्यात मर लागून झाडं वाळलीत म्हणाले. शिवा पाणी पिऊन, माझ्याकडं बघून बाहेर गेला. तो गेल्यावरही आम्ही थोडा वेळ तुरीवरच बोलत होतो. मग मी तिला म्हटलं, उंडे उकडतात बाई, तळत नाहीत, पुढच्या येळवशीला इकडं ये, दाखवते. आणि मीठ कमी आहे तो भाग चांगला झालाय. हीच पोच समज. तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असेल. तिला रडायला वेळ लागत नाही.

तू हे का केलंस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. जिरं संपलं म्हणायला पलीकडं कुणी तरी लागतं. तू जायच्या आधी माणूस नेमून गेलीस, मला न विचारता. धाकटीनं सांगायचं होतं, हेच मी मालिकेच्या वेळी म्हणत होते.

पण सुले, तिनं तुरीचं विचारलं. म्हशीचं विचारलं नाही. म्हैस तिला माहीतच नाही. गोष्टीत सुद्धा पडदे होते, मीच नीट पाहिलं नव्हतं. म्हणजे एवढं तू तिला दिलं नाहीस. तिनं लाख विचारलं असेल, मग थोरली जाऊ काय म्हणायची, आणि तू काहीतरी थाप मारली असशील.

मीही तिला सांगणार नाही. निदान यंदा तरी नाही.